निळा टी-शर्ट, पिवळा दुपट्टा : जंगलजिल्ह्यांतील रस्त्यावरच्या पोशाखाचे वाचन

मार्च १८८८ मध्ये पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॉनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. व्हिक्टोरिया राणीचा हा मुलगा. शहरातले सरदार, सावकार, वकील जरीकाठ आणि दागिने घालून जमलेले. त्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि भाषणात त्यांनी पाहुण्याला सांगितले की इथे चमकणाऱ्या मंडळींवरून या देशाची परीक्षा करू नका, खरा देश खेड्यात फाटक्या कपड्यांत आहे, हे आपल्या आईला कळवा. फुल्यांच्या चरित्रातला हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. त्यातली एक गोष्ट मात्र सहसा बोलली जात नाही. फुले कंत्राटदार होते, पुणे नगरपालिकेत सदस्य राहिले होते. त्यांच्याकडे चांगले कपडे होते. तो वेश त्यांनी निवडला होता. जे भाषणात सांगायचे ते आधी अंगावर मांडून ते दारातून आत आले. आधुनिक महाराष्ट्रात पोशाख हे निषेधाचे विधान म्हणून जाणीवपूर्वक वापरल्याचे इतके स्वच्छ उदाहरण त्याआधीचे मला माहीत नाही.

एवढा जुना वारसा असून रस्त्यावरचा पोशाख हा आपल्या समीक्षेचा विषय कधी झाला नाही. विद्रोही कवितेवर प्रबंधांच्या चळती झाल्या. पण ज्या मुलांनी कधी कवितासंग्रह विकत घेतला नाही आणि जी आपले म्हणणे छातीवर छापून एस.टी. स्टँडवर उभी असतात, त्यांच्याकडे पाहिले गेले ते फार तर समाजशास्त्राच्या नजरेने. त्यांच्या अंगावर जे आहे ते एक रचना आहे, तिच्यात रंग, अक्षर आणि चेहरा यांची निवड आहे, ती चांगली किंवा वाईट असू शकते, असे मानून कोणी लिहिलेले आठवत नाही. इथे तसा प्रयत्न करायचा आहे, तोही मुंबई-पुण्याच्या नव्हे, गोंडपिपरीच्या बाजारातून.

गोंडपिपरी हा चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा तालुका. पूर्वेला वैनगंगा आणि तिच्यापलीकडे गडचिरोली जिल्हा, दक्षिणेला वर्धा आणि तिच्यापलीकडे तेलंगणा. धान, तेंदूपत्ता, मोहफूल आणि हंगामात तेलंगणात मिरची तोडायला जाणारी माणसे. अशा भागातल्या कोणत्याही आठवडी बाजारात कपड्यांच्या ढिगाशी थांबावे. निळ्या टी-शर्टवर पांढऱ्या अक्षरांत ‘जय भीम’. पिवळ्यावर ‘जय सेवा’ किंवा ‘जय जोहार’. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या पोरांच्या ठिपक्याठिपक्यांच्या लष्करी पँटी. आणि दक्षिणेकडचे सिनेमातले चेहरे. हे सगळे एकाच ढिगात, जवळजवळ एकाच भावात. विकणाऱ्याच्या लेखी त्यात फरक फक्त मापाचा.

पाश्चात्त्य अभ्यासकांनी रस्त्यावरच्या फॅशनचे जे व्याकरण मांडले, ते इथे अर्ध्यावरच थांबते. डिक हेब्डिज यांचे ‘सबकल्चर’ हे १९७९ चे पुस्तक या विषयाचा पाया मानले जाते. लंडनची पंक पोरे सेफ्टी पिन गालात किंवा कोटावर टोचतात, म्हणजे साध्या वस्तूला तिच्या जागेवरून हलवून सभ्य समाजाच्या तोंडावर फेकतात, असे त्यांचे वाचन. बरोबर आहे. पण या वाचनात एक गृहीतक दडले आहे : सभ्य पोशाख तुम्हाला उपलब्ध होता आणि तुम्ही तो नाकारला. फुल्यांना ते लागू पडते. ज्याला नीट नेसण्याचीच मनाई होती त्याला ते कसे लागू पडेल?

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर डॉ. आंबेडकरांनी बायकांच्या सभेत जे भाषण केले, त्यात त्यांनी लुगड्याबद्दल आणि दागिन्यांबद्दल सांगितले. गुडघ्यापर्यंत नेसलेले लुगडे आणि हातापायांतले कथलाचे जाड दागिने ही अस्पृश्यतेची ओळखपत्रे आहेत. ती टाका, बाकीच्या बायका नेसतात तसे नेसा. लगेचच अनेक बायकांनी घोट्यापर्यंत लुगडे नेसले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या पुस्तकामुळे या घटनेकडे बाईच्या बाजूने पाहता येऊ लागले. हेब्डिजच्या चौकटीत ही घटना विद्रोहात मोजता येणार नाही, कारण इथे कोणी सभ्यतेची खोडी काढलेली नाही. उलट सभ्य मानलेला पोशाख अंगावर घेतला आहे. तरीही ज्या गावात त्या बायका परत गेल्या, तिथे ती सेफ्टी पिनेपेक्षा कितीतरी धोक्याची गोष्ट होती. पंक पोराला लोक हसत. घोट्यापर्यंत नेसणाऱ्या महार बाईच्या घरावर बहिष्कार येऊ शकत होता.

चंद्रपूरकरांना याचा पुढचा अध्याय सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर आणि १६ ऑक्टोबरला चांदा. पांढरे धोतर, पांढरा कोट आणि समोर पांढऱ्या लुगड्यांतले, पांढऱ्या सदऱ्यांतले लोक. त्या वेळच्या छायाचित्रांत जमावाचा जो पांढरा पट्टा दिसतो, तो या भागातला रस्त्यावरच्या पोशाखाचा सर्वांत मोठा सामूहिक प्रयोग मानला पाहिजे. पांढरे मळते. मजुरी करणारा माणूस पांढरे घालत नाही, घातले तर जपतो. म्हणून त्या दिवशीचा पांढरा रंग हा धर्माचा होता तसाच तो ‘आज आम्ही राबायला आलेलो नाही’ हे सांगणाराही होता.

इथे कापडाबद्दल थोडे विषयांतर. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जाती-जमातींवर जो बहुखंडी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात महारांच्या धंद्यांत जाडेभरडे कापड विणणे हा एक प्रमुख धंदा म्हणून नोंदवला आहे. गोंड हे परंपरेने विणकर नव्हेत. त्यांचे कापड पिढ्यान्‌पिढ्या इतर जातींनी विणले, आणि त्यात महारांचे माग होते. १८७७ मध्ये नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीचे कापड स्वस्त झाले आणि गावचा माग बसला. विणकर मजूर होऊन गिरणीत गेला. पण मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात त्याला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना ती उष्टी कांडी चालत नव्हती. १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला होता. म्हणजे ज्यांनी मध्य प्रांतात शेकडो वर्षे लोकांची अंगे झाकली, त्याच जातीच्या माणसाला मुंबईत मागाला हात लावण्याची बंदी. आज निळा आणि पिवळा टी-शर्ट एका ढिगात पडलेले पाहतो तेव्हा या जुन्या देवघेवीची आठवण होते. दोन्ही समाजांचे कापड आता कोणी तिसराच विणतो, बहुधा तमिळनाडूतल्या तिरुपूरला. आपल्या हातात उरली आहे ती वर छापण्याची जागा.

तर आता छापलेल्याकडे पाहू. निळ्या टी-शर्टचा चांगला नमुना कोणता? माझ्या मते तो, ज्यात सर्वांत कमी रेषा आहेत : चष्म्याची चौकट, मागे वळवलेल्या केसांची कड, कोटाची कॉलर, टायची गाठ. डोळे नाहीत, ओठ नाहीत, तरी क्षणात ओळख पटते. ही काटकसर स्क्रीन प्रिंटिंगने शिकवली. त्यात प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, प्रत्येक जाळीचा खर्च वाढतो, म्हणून एका रंगात चेहरा बसवणे भाग पडते. अल्बेर्तो कोर्दाने १९६० मध्ये काढलेल्या चे गव्हेराच्या छायाचित्राचे १९६८ मध्ये जिम फिट्झपॅट्रिकने दोन-तीन सपाट रंगांत जे केले, तेच इथे अनाम पेंटरांनी आणि छापणाऱ्यांनी केले आहे, आणि माझ्या नजरेला त्याहून कमी रेषांत. शिवाय एक गंमत आहे जी चे-च्या टी-शर्टला नाही. सुटाबुटातला माणूस टी-शर्टवर आला आहे. कोट हा त्याच्या काळात समतेचा दावा होता. आज ज्याच्याकडे कोट नाही तो पोरगा तो कोट छातीवर छापून घेतो. टी-शर्टनेच कोट घातला आहे. ही कल्पना कोणा एका कलावंताने मांडली असती तर तिच्यावर प्रदर्शने झाली असती.

वाईट नमुनेही सांगितले पाहिजेत. सब्लिमेशनची छपाई आली; पॉलिएस्टरवर हवे तितके रंग, एका दरात. मग मागे संसद, वर अशोकचक्र, बाजूला सिंह, खाली ज्वाळा आणि मध्ये गुळगुळीत केलेला चेहरा. सगळे आहे आणि काही बोलत नाही. जयंतीच्या बॅनरचे हे शर्टावरचे रूपांतर आहे. त्यात भक्ती असेल, विधान नाही. प्रतिमा जितकी भरत जाते तितकी ती कोणाच्याही अंगावर चालते, आणि जी कोणाच्याही अंगावर चालते ती कोणाला खटकत नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये (२०२२) नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरे रंगवलेले केस, ढगळ शर्ट, गळ्यात साखळ्या अशी येतात. जयंतीच्या मिरवणुकीच्या दृश्यात त्या पोरांचा अवतार आणि निळा रंग एकाच चौकटीत दिसतात. महाडची रीत ‘नीट राहा’ म्हणते. या पोरांची रीत ‘आम्ही असेच राहू’ म्हणते. दोन पिढ्यांमधला हा वाद आंबेडकरी वस्त्यांत घरोघरी चालतो आणि तो मिटलेला नाही. बापाला इस्त्रीचा पांढरा शर्ट हवा असतो, पोराला गुडघ्यावर फाटलेली जीन्स. बापाचे म्हणणे मला अजिबात जुनाट वाटत नाही. फाटके नेसण्याची सक्ती ज्याच्या आजाने भोगली, त्याने पैसे देऊन फाटके विकत आणावे हे त्याच्या गळी कसे उतरावे?

दलित पँथरची गोष्ट याच संदर्भात लक्षात घ्यावी. १९७२ मध्ये मुंबईत संघटनेने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. ओकलंडच्या त्या संघटनेचा गणवेश जगप्रसिद्ध होता : काळी बेरे टोपी, काळे चामडी जाकीट. नाव आले, जाहीरनाम्याची धग आली, जाकीट आले नाही. हवामान आणि पैसा ही कारणे आहेतच. पण मेलेले ढोर ओढण्याची सक्ती झुगारणाऱ्या समाजाला चामडे अंगावर घालून मिरवणे हे त्या काळी विद्रोहाचे चिन्ह वाटणे अवघड होते, असे मला वाटते. ते वळण यायला आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. सुधीर राजभर यांनी मुंबईत ‘चमार स्टुडिओ’ सुरू केला, पिशव्या बनवल्या त्या चामड्याच्या नव्हे तर टाकाऊ रबराच्या, आणि ज्या शब्दाची शिवी होते तोच शब्द नाममुद्रा म्हणून लावला. वस्तू बदलली, नाव ठेवले. पँथरच्या बरोबर उलट.

पिवळ्याकडे वळताना व्याकरणच बदलते. निळा टी-शर्ट समोरच्याशी बोलतो : मला तुमच्यासारखे वागवा. पिवळा दुपट्टा समोरच्याला सांगतो : मी तुमच्यासारखा नाही, आणि तुमच्या आधीपासून इथे आहे. हीरासिंह मरकाम यांच्या गोंडवाना गणतंत्र पार्टीने १९९१ पासून हा रंग राजकारणात नेला. पण हळदीचा पिवळा त्याआधीपासून पूजेत, लग्नात होता. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला तालुक्याच्या गावात मोर्चा निघतो तेव्हा खांद्यावरचे पिवळे दुपट्टे दुरून एकच रंग वाटतात. जवळ गेल्यावर कुठे सल्लां-गांगराचे चिन्ह दिसते, कुठे नुसतीच किनार. फ्रान्समध्ये २०१८ साली आंदोलकांनी पिवळे जाकीट घातले, कारण कायद्याने ते प्रत्येक गाडीत ठेवणे सक्तीचे होते. सरकारनेच दिलेली वस्तू सरकारवर उलटवली गेली. आपला पिवळा असा उलटवलेला नाही. तो कोणी दिलेला नव्हता, म्हणून तो जपायचा असतो. आणि इथेच त्याची अडचण सुरू होते.

कारण दुपट्टा गळ्यात घालता येतो, आणि जे गळ्यात घालता येते ते कोणाच्याही गळ्यात घालता येते. ९ ऑगस्टच्या मंचावर कोणत्याही पक्षाचा पुढारी येवो, त्याला आधी पिवळा दुपट्टा पांघरला जातो. सत्काराची आपली रीतच ती. ज्याच्या धोरणाविरुद्ध मोर्चा आणला, तोच पुढच्या क्षणी मोर्चाच्या रंगात उभा. टी-शर्टचे असे होत नाही. पुढाऱ्याला शर्ट काढायला लावून टी-शर्ट घालता येत नाही. २०११ मध्ये ‘मी अण्णा’ची टोपी ज्या वेगाने सगळ्यांच्या डोक्यावर आली त्याच वेगाने उतरली, तेही याच कारणाने. उलट २०१६ च्या मराठा मूक मोर्चांतले काळे टी-शर्ट लक्षात राहिले. अंगात घालायच्या कपड्याला थोडी अधिक बांधिलकी लागते.

चेहऱ्यांचा प्रश्न पिवळ्या बाजूला आणखी गुंतागुंतीचा आहे. बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्यांचा म्हणून जो चेहरा टी-शर्टवर दिसतो तो चित्रकाराच्या कल्पनेतला. दरवर्षी त्या दिवशी तुरुंगातल्या पिंपळाशी लोक जमतात. झाड खरे, चेहरा कल्पित. बिरसा मुंडा यांचे अटकेनंतरचे छायाचित्र आहे, पण त्यात ते बंदिवान आहेत. त्यांना साखळदंडासह दाखवावे की मोकळे? २०१६ मध्ये झारखंड सरकारने पुतळ्यांच्या बेड्या काढण्याचा निर्णय घेतला होता. बाजारातल्या टी-शर्टांवरही दोन्ही बिरसा मिळतात. मला बेडीतला अधिक खरा वाटतो. बेडी काढली की उरतो तो एक देखणा तरुण, ज्याला कोणी पकडले, का पकडले, हे पाहणाऱ्याला विचारावेसे वाटत नाही.

तिसरे नाव कोमरम भीम. वर्धेपलीकडच्या आसिफाबाद भागातला हा गोंड पुढारी निजामाविरुद्ध लढला आणि १९४० मध्ये जोडेघाटला मारला गेला. जल-जंगल-जमीन ही घोषणा त्याच्या नावाशी जोडली जाते. राजामौली यांच्या ‘आर.आर.आर.’ची झलक ऑक्टोबर २०२० मध्ये आली तेव्हा त्यात भीमाच्या डोक्यावर मुसलमानी टोपी पाहून तेलंगणात गदारोळ झाला. सिनेमात तो वेशांतराचा भाग होता. वाद टोपीवर अडला; मात्र या प्रदेशातल्या माणसाच्या जागी आता एका नटाचा पिळदार देह बसणार आहे, याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. पोशाखावरून भांडण झाले आणि चेहरा बिनबोभाट बदलला. ‘जय भीम’ म्हणताना इथल्या काही पोरांच्या मनात दोन भीम असतात, हे मात्र पुण्या-मुंबईत कळणार नाही.

हिरव्याबद्दल थोडक्यातच लिहितो. गडचिरोलीत १९८० नंतर ऑलिव्ह हिरवा आणि लष्करी ठिपके हे दोन सशस्त्र बाजूंचे रंग झाले. जंगलात जाणाऱ्या पोराने काय घातले आहे हे दुरूनच पाहणारी नजर दोन्हीकडे होती. पठाणकोटच्या हल्ल्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये लष्कराने नागरिकांना लष्करी नमुन्याचे कपडे घालू नका, विकू नका असे आवाहन केले. बाजारात ते आजही मिळतात. शहरात हा नमुना बंडाची फॅशन असतो. इथे तो नोकरीच्या स्वप्नाचा असतो, आणि चुकीच्या वाटेवर संशयाचाही. जिथे कपड्यावरून जीव तोलला गेला आहे, तिथे ‘बंडखोर फॅशन’ हा शब्द जपून वापरावा.

आणि शेवटी अक्षर. गोंडी भाषेसाठी एक लिपी १९१८ मध्ये बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी तयार केली. दुसरी, आदिलाबाद भागातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतून पुढे आली. युनिकोडमध्ये पहिली २०१७ ला, दुसरी २०१८ ला दाखल झाली. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळून आयुष्यभर गोंडी भाषा-लिपीचे काम केले, ते २०१५ मध्ये गेले. आता गोंडी अक्षरांचे टी-शर्ट दिसू लागले आहेत, आणि या सगळ्या व्यवहारात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. ही अक्षरे बहुतेक पाहणाऱ्यांना वाचता येत नाहीत. पुष्कळदा घालणाऱ्यालाही येत नाहीत, कारण त्याची शाळा मराठीत झाली. म्हणजे मजकूर आहे, पण तो मराठी वाचकासाठी नाही. ‘जय भीम’ आपल्याला उत्तर मागतो. हे अक्षर आपल्याकडे पाहतसुद्धा नाही. आपल्यासमोर कोणी आपल्याला न कळणारे काही मिरवत आहे, हा अनुभव तालुक्याच्या कचेरीत मराठी अर्ज हातात धरून उभ्या राहिलेल्या प्रत्येक माडिया-गोंड माणसाला रोज येतो. टी-शर्टने तो फक्त उलट दिशेने फिरवला.

दोष आहेतच. दोन लिप्यांतली कोणती, यावर एकमत नाही. छापणारा संगणकावर जो टंक सापडेल तो लावतो, अक्षरे उलटसुलट होतात आणि चूक दाखवणारा जवळपास कोणी नसतो. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी शाळा सुरू केली. तिथली मुले मोठी होतील, बाजारात येतील आणि ढिगातला एखादा पिवळा टी-शर्ट उचलून त्यावरचे अक्षर चुकले आहे असे विकणाऱ्याला सांगतील, तेव्हा या कपड्याला त्याचा पहिला खरा समीक्षक मिळेल.